ऑर्टेलियस नको, आधी डच बायबलमधले नकाशे बघा

तुमचे प्रश्न दोन: नेदरलँड्समध्ये आहातच, तर सोळाव्या शतकातल्या ऑर्टेलियस या नकाशाकाराचा एखादा नकाशा घेऊन ‘पवित्र भूमी’च्या, म्हणजे बायबलमधल्या पॅलेस्टाईनच्या, जुन्या नकाशांचा संग्रह सुरू करावा का, आणि पुढे पुण्याच्या घरी तो हॉलमध्ये कसा लावावा.

ऑर्टेलियसपासून सुरुवात करू नका. अब्राहामाच्या प्रवासाचा त्याचा नकाशा देखणा आहे यात वाद नाही. कडेने बावीस गोलांत अब्राहामाचं अख्खं आयुष्य कोरलंय. पण तिथे निम्मे पैसे नावाचे जातात. शिवाय प्रती इतक्या हातांतून गेल्यात की मूळ रंग कुठला आणि मागाहून चढवलेला कुठला, हे नवख्याला कळणं कठीण.

तुमच्या दारात त्याहून मजेदार माल आहे. १६३७ साली डच ‘स्टाटेनबायबल’, म्हणजे सरकारने करवून घेतलेलं बायबलचं भाषांतर, निघालं, तेव्हापासून गिऱ्हाईक नकाशांचा संच वेगळा घेऊन आपल्या प्रतीत बांधून घेई. संचात साधारण पाच-सहा नकाशे असत: जग, एदेन, मिसरातून निर्गम, कनान, यरुशलेम, पौलाचे प्रवास. ॲमस्टरडॅमच्या निकोलास व्हिसरचे नकाशे गाजले. पुढे दोर्द्रेख्तच्या क्योर या छापखानेवाल्या घराण्याच्या बायबलांसाठी स्टोपेंडाल नावाच्या कोरीवकारांनी छपाईच्या तशाच पट्ट्या कोरल्या. तांब्याच्या पट्ट्या वर्षानुवर्षं चालायच्या, मालक बदलला की खालचं नाव खोडून नवं कोरायचे. त्यामुळे तारखेपेक्षा ठशाकडे, म्हणजे छपाई किती स्पष्ट उठलीय त्याकडे, बघा. पट्टी झिजलेली असेल तर डोंगरांच्या सावलीतल्या बारीक रेघा आधी पुसट होतात.

वाचायला हे नकाशे फार गमतीचे. क्षार (मृत) समुद्रात सदोम-गमोरा, बायबलमधली देवाने जाळलेली शहरं, अजून पेटलेली दिसतात. भूमध्य समुद्रात कधी योना संदेष्ट्याला गिळणारा मासा तोंड वासून असतो. कित्येक नकाशांत कीशोन नदी थेट गालील समुद्राला भूमध्य समुद्राशी जोडते, प्रत्यक्षात तसं काही नाही. एकाचं बघून दुसऱ्याने कोरलं, एवढंच. दिशांचंही तेच. आद्रिखोम या नकाशाकाराच्या १५९० च्या नकाशात पूर्व वर, तर ब्लाऊ या डच नकाशाकाराच्या १६२९ च्या ‘तेरा सांक्ता’ (पवित्र भूमी) नकाशात पश्चिम वर. पाहुणे हटकून विचारतात, उलटा टांगलाय का? १६९५ च्या ॲमस्टरडॅम हग्गादातला (ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या पोथीतला) हिब्रू नकाशा कुठे बघायला मिळाला तर सोडू नका: कोपऱ्यात सुसरीवर बसलेली बाई, खाली गाई आणि मधमाश्यांची पोळी, म्हणजे दुधामधाचा देश.

घेताना दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. कोरीव रेघ टोकाला निमुळती होत जाते आणि शाई कागदावर किंचित उठून बसलेली असते. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की ती ऑफसेटवर छापलेली आधुनिक प्रत, विषय संपला. मग कागद उजेडासमोर धरा. जुन्या हातकागदात साच्याच्या समांतर रेघा दिसतात. त्या नसलेला गुळगुळीत कागद युरोपात १७५७ च्या सुमारास आला आणि रुळायला आणखी काही दशकं गेली, म्हणून सतराव्या शतकाचा नकाशा तशा कागदावर असेल तर किमतीवर चर्चाच नको. पट्टीच्या कडेचा दाब बोटाला लागतो, पण त्यावर विसंबू नका, तो नकलीतही उठवतात. शेवटी पाठ बघा. हिरव्या रंगात जंगाल (तांब्याचा गंज) असेल तर कागद तपकिरी पडून आतून खाल्लेला असतो, आणि हे नुकसान पुढे वाढतच जातं. घड्या मात्र असणारच; बायबलमध्ये बसवायचा म्हटल्यावर नकाशा दुमडावा लागे. घडीवरची जुनी, नीट केलेली दुरुस्ती मला चालते, चिकटपट्टी मुळीच नाही. आणि अख्खं बायबल नकाशांसकट मिळालं तर कृपा करून पानं सोडवू नका.

आता भिंत. फ्रेमवाला विचारेल, “हार्डबोर्डवर चिकटवू?” नाही म्हणा. लॅमिनेशनलाही नाही. मागे-पुढे आम्लमुक्त सुती बोर्ड, आणि फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावलेल्या. बाकी कागद मोकळा लोंबू द्या, पावसाळ्यात तो फुगतो-आकसतो. काच नकाशाला टेकता कामा नये आणि ती अतिनील किरण अडवणारी हवी. उजेड ५० लक्सच्या आसपास पुरतो, म्हणजे खिडकीसमोरची भिंत बाद. पुण्यात बाहेरची, ओल येणारी भिंतही बाद. फ्रेमच्या मागे कॉर्कचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही येतील. मी तीन-चार महिने एक नकाशा लावतो, मग तो आम्लमुक्त फोल्डरमध्ये ठेवून दुसरा काढतो. सगळे एकदम टांगायची हौस आवरा.

शेवटची एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी वस्तू एकदा भारतात आली की १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती परत बाहेर नेणं जवळपास अशक्य होतं. परत नेदरलँड्सला जायचा विचार असेल तर चांगले नकाशे तिथेच राहू द्या आणि आणण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे लेखी विचारा.