एकाच निकालाच्या दोन वह्या

अरे, कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत लॉ आणि आंतरराष्ट्रीय संबंध अशी दुहेरी पदवी म्हणजे ५ वर्षं, सेमिस्टरला ४ विषय. ऐकायला सोपं वाटतं. वाचता वाचता पिट्ट्या पडतो! हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव खटल्यात दिलेला २०१९चा निकालच घे. लॉवाले विचारणार, वाणिज्य दूतावासांच्या संबंधांवरच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ नेमकं काय म्हणतं? संबंधवाले विचारणार, भारत हेगला गेलाच का? याचं उत्तर त्याच्या पेपरात लिहिलंस की मार्क गेले. माझे पहिल्याच सेमिस्टरला गेले. तेव्हा वह्या वेगळ्या ठेव. आणि परत येऊन भारतात वकिली करायची असेल, तर बार काउन्सिल ऑफ इंडियाची मान्यता, पात्रता परीक्षा, सगळी चौकशी फी भरायच्या आधी कर.