पहिल्या प्रदर्शनासाठी फोटो काढताना

कबड्डीचे तुझे फोटो झकास आहेत. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवल्याने चढाई करणारा हवेतच थांबलाय. पण आता फिजिओथेरपीच्या खोलीत फोटो काढशील, तिथे शटरचा तो वेग नको. लकव्यातून सावरणाऱ्याचं पाऊल सावकाश पडतं. १/१५ वर ये, कॅमेरा भिंतीला टेकव. आधाराचा बार घट्ट धरलेला हात स्पष्ट येईल, ओढत येणारा पाय पुसट. त्या माणसाची सगळी मेहनत त्या फरकात दिसते. छायाचित्रकार मायब्रिजने १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे टप्पे टिपले, ते बघ आणि तुझेही तीन-चार फोटो ओळीने लाव.

वरोऱ्याला आनंदवनात जायचं म्हणतोस, जरूर जा. बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेली जागा ती. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू दे. संस्थेची परवानगी मिळाली तरी माणसाला वेगळं विचार. आणि व्रणांपेक्षा काम टिप. कुष्ठरोगाने बोटं बधिर झालेला माणूस सुई धरताना नजर बोटांवरून हलवत नाही, कारण स्पर्श कळत नाही. मला तर असाच फोटो सगळ्यात मोलाचा वाटतो. चेहरा नको म्हणाला तर नुसते हात घे.

फोटो जरा खाली टांग, व्हीलचेअरवरून नीट दिसले पाहिजेत. ज्यांचे फोटो आहेत त्यांना सगळ्यांच्या आधी बोलाव, येण्याजाण्याचं भाडंही तूच दे.