‘हर्निया’चं ऑपरेशन

‘एक वृषण काढलं तर मी पुरुष राहीन ना?’ हा प्रश्न असा सरळ कुणी विचारत नाही. तो वेष बदलून येतो. जिमला जाता येईल का, दाढी कमी होईल का, साखरपुडा झालाय पण तारीख पुढे ढकलू का. कर्करोगाच्या रुग्णांचं समुपदेशन इतकी वर्षं केल्यावर मला तो आता दारातूनच ओळखू येतो. वृषणाचा कर्करोग होतो तोच मुळी बहुतेकदा पंधरा ते चाळीसच्या वयात. नोकरी, लग्न, मूल सगळं समोर उभं असताना.

हा मुलगा सत्तावीसचा, सातारा जिल्ह्यातला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) उजवीकडे न दुखणारी कडक गाठ. क्रिकेट खेळताना चेंडू लागला होता, त्याचीच सूज असेल म्हणून चार महिने काढले. मार लागल्याने हा आजार होत नाही. हात तिकडे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते, एवढंच. सोनोग्राफी झाली, रक्तातले मार्कर (या आजाराची खूण देणारे पदार्थ) तपासून झाले, आणि सर्जननी सांगितलं, वृषण काढावं लागेल. हा सहीच करेना.

‘घरी काय सांगितलंस?’

‘हर्निया.’

खोटं पचण्यासारखंच होतं. हे ऑपरेशन जांघेतून करतात, हर्नियासारखाच छेद घेऊन. खालून सुई घालून तुकडा तपासत नाहीत, कारण त्याने आजाराला नवी वाट मिळू शकते. तो म्हणाला, ‘पण खालच्या गाठीसाठी पोटाचं सीटी कशाला?’ मी कागदावर चित्र काढलं. गर्भात वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि मग खाली उतरतं. उतरताना रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या वरूनच ओढत आणतं. म्हणून आजार पसरला तर बहुधा आधी पोटामागच्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) जातो. चित्र तो बराच वेळ बघत राहिला.

‘आणि क्रिकेटपटू युवराज सिंगला छातीत कसा झाला?’ हा प्रश्न मला दर वेळी येतो. बीजपेशी, म्हणजे ज्यांपासून पुढे शुक्राणू बनतात त्या, गर्भात बराच प्रवास करतात. काही वाटेतच, शरीराच्या मधल्या रेषेवर अडकतात, असं मानतात. छातीतला ट्यूमर त्यांतून. कुळ तेच. 2012मध्ये युवराजवर अमेरिकेत लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली उपचार झाले. 1974 साली सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध या आजारात जोड-औषधांसह वापरून ज्यांनी चित्रच पालटवलं ते हेच डॉक्टर. त्याआधी शरीरभर पसरलेला आजार बहुतेकांचा जीव घ्यायचा; आज पसरलेलाही बहुतेकांचा बरा होतो, आणि वृषणापुरता असेल तर जवळजवळ सगळ्यांचा. युवराज त्याच वर्षी सप्टेंबरात भारताकडून पुन्हा खेळला.

माहितीने त्याचा चेहरा जरा सैल झाला. सही मात्र नाहीच.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे माणसाचे टोकाचे, अविवेकी विचार त्याच्यासोबत तपासते. आम्ही वाक्यातला ‘च’ पकडतो, ‘असंच होणार’ म्हणणारा. ‘तिला कळलं तर लग्न मोडणारच’ यातला ‘च’ मी पहिल्याच भेटीत पकडला, आणि त्यावर दोन भेटी घालवल्या. एक निरोगी वृषण हार्मोनला पुरतं, बहुतेकांना मूल व्हायलाही पुरतं, हे सांगून झालं. ऑपरेशनच्या आधी वीर्य साठवून ठेव, पुढे केमो लागली तर चिंता नको, हेही सांगितलं. हवं असेल तर सिलिकॉनचं बसवताही येतं. तो ‘हो मॅडम’ म्हणायचा आणि तसाच बसून राहायचा. माझा ‘च’ सहसा चुकत नाही, असा माझा (थोडा गर्वाचाच) समज होता.

तिसऱ्या भेटीला वडील सोबत आले होते. त्यांना बाहेर बसवणार तोच म्हणाले, ‘बाई, माझ्यामुळंच झालंय हे.’

मुलगा दचकला. ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. मला समजतं थोडं.’ मग खाली बघत, ‘तुझं ते हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं ना, सहा वर्षांचा असताना? हर्निया नव्हता तो. तुझी एक गोटी खाली उतरली नव्हती. डॉक्टर वर्षाच्या आतच करा म्हणाले होते. सुगी, मग पैसे, मग आजी गेली...’

खोलीत कुणीच बोललं नाही. बाप आणि लेक वीस वर्षांच्या अंतराने त्याच जांघेवरच्या व्रणाला तेच खोटं नाव देत होते. मी मुलाच्या भीतीशी भांडत बसले होते. त्या घरात हा अवयवच बोलायचा नसतो, हे मला दिसलंच नव्हतं. ‘च’ होता, पण बापाच्या वाक्यात.

तो मी तिथेच उचलला. ‘काका, न उतरलेल्या वृषणात धोका काही पटींनी जास्त असतो, हे खरं. लवकर ऑपरेशन केल्याने तो कमी होतो, पण शून्य होत नाही. अशा बहुतेक मुलांना हा आजार कधी होतही नाही. उशीर झाला, म्हणा. माझ्यामुळं“च” कुठून आणलंत?’

ते रडले. मुलाने त्यांना पाणी दिलं आणि मला विचारलं, ‘हे सर्जनना सांगायला पाहिजे ना?’ मी म्हटलं, आजच. सही त्याच दुपारी झाली.

रिपोर्ट सेमिनोमाचा (बीजपेशींच्या कर्करोगाचा एक प्रकार) आला, वृषणापुरताच. मार्कर उतरले. केमो न देता नियमित तपासणीवर ठेवायचं ठरलं, आणि हा पर्याय अशा रुग्णांना अनेकदा दिला जातो.

होणाऱ्या बायकोला त्याने स्वतः सांगितलं, वडिलांना शेजारी बसवून. तिचा पहिला प्रश्न त्याने मला फोनवर ऐकवला: ‘हर्नियाच सांगितला असतास, तर दर काही महिन्यांनी तपासणीला जाताना काय सांगणार होतास?’