चौघींचं कोण ऐकणार?

प्रश्न : आमचं गाव निपाणीजवळ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांनाही बोलवूया असं आम्ही महिला संघातल्या चौघींनी काढलं, तर बाकीच्या गप्प बसल्या आणि दोघी-तिघी उठूनच गेल्या. माझी जाऊ दरवर्षी आत चहा गाळत बसते आणि बाहेर सोप्यात वाण वाटणं चालतं, बघवत नाही. पण आम्हा चौघींचं काय चालणार? पंचायतीकडं जावं काय?

उत्तर : ताई, चौघी म्हणजे कमी नाहीत हो. सर्ज मोस्कोविसी म्हणून फ्रान्समधले मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६९ मध्ये एक प्रयोग मांडला, सहा-सहा जणींचे गट, सगळ्यांना निळ्या स्लाइड दाखवून रंग विचारायचा, आणि त्यातल्या दोघी आधीच शिकवून बसवलेल्या, त्या दरवेळी ‘हिरवा’च म्हणायच्या. समोर निळं दिसत असतानाही बाकीच्यांची ८ टक्क्यांच्या वर उत्तरं हिरवा अशी आली, आणि जिथं त्या दोघीच कधी हिरवा कधी निळा करायला लागल्या तिथं हा आकडा सव्वा टक्क्यावर घसरला. आकडा लहान आहे, मान्य, पण मला त्याच्या पुढचं जास्त मोलाचं वाटतं. नंतर निळ्या-हिरव्याच्या मधल्या छटा एकेकटीला दाखवल्या, तर सगळ्यांसमोर ‘निळा’ म्हणणाऱ्यासुद्धा जास्त छटांना हिरवं म्हणायला लागल्या. तोंडानं कबूल केलं नाही तरी आत काहीतरी हललेलं असतं, म्हणून तुमच्या गप्प बसलेल्या बायकांना विरोधक समजू नका.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी वाळीत टाकलं, आणि त्यांनाच १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. वेळ लागतो, पण होतं.

आता करायचं काय, तर आधी जाऊबाईंनाच विचारा. त्यांची तयारी नसताना चारचौघींत बसवलं तर तो त्यांच्यावरच अन्याय, आणि हे लोक नेहमी विसरतात. त्या हो म्हणाल्या तर यंदा तुमच्याच घरात, सोप्यात, पहिलं वाण त्यांना द्या. मग उरलेल्या तिघींच्या घरी तसंच, पुढच्या वर्षीही तसंच, एकीनंही सासूबाई रागावल्या म्हणून मध्येच सोडायचं नाही. मुख्य मुद्दा सोडू नका, बाकी ठिकाणी मात्र नमतं घ्या, एखाद्या म्हातारीचा हात कुंकू लावायला धजत नसेल तर फूल आणि तिळगूळ देऊ दे की, तिच्याशी भांडत बसू नका.

पंचायतीचं म्हणाल तर तुमच्या पलीकडंच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. तुम्हीही जा, पण दहा-बारा घरांत सुरू झाल्यावर जा, आणि ठराव मांडायला आज उठून गेलेल्यांपैकी कुणी तयार झाली तर तिलाच मांडू द्या.