पुजलेली वही, कोरी पानं

पुण्यातल्या धायरीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३९, हार्डवेअर आणि प्लंबिंग सामानाचं दुकान, वर्षाची विक्री ७२ लाख. ते लिहितात:

"जीएसटीत मी कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांनी विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायची सोय) आहे. इन्कम टॅक्सचं रिटर्न आमचे टॅक्सवाले ४४एडीखाली (विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरायचं कलम) ६ टक्के नफा दाखवून भरतात, वर्षाचे अडीच हजार घेतात. निम्मा धंदा रोखीचा आहे. आता एक अकाउंटंट टॅलीत सगळा हिशोब ठेवायचे महिन्याला ३,००० मागतोय. ४४एडीत वह्या ठेवायची सक्ती नाही, मग हे ३६,००० फुकट का घालवू? त्यापेक्षा मुलीसाठी ३,००० ची एसआयपी केली तर १५ टक्क्यांनी १५ वर्षांत २० लाख होतात. दुकानात १५ ते २० टक्के सुटतात, तरी हातात पैसा राहत नाही. भाडं २५,०००, एका पोराचा पगार १४,०००, घरखर्चाला ४५,००० काढतो. मागच्या दिवाळीआधी माल भरायला ८ लाखांचं बिझनेस लोन घेतलं, २० टक्के व्याज, तीन वर्षं, हप्ता ३०,०००. करबचतीसाठी वर्षाला १ लाखाची पॉलिसी आहे, टॅक्सवाल्यांनीच काढून दिली, तीन हप्ते भरलेत. बोहरी आळीतल्या घाऊक व्यापाऱ्याचं देणं साडेचार लाखांवर गेलंय, पूर्वी दीड-दोन असायचं. लोकांकडे उधारी अडीच-तीन लाख असेल. वही दर लक्ष्मीपूजनाला पुजतो, पण लिहायला वेळ होत नाही. बायको बीकॉम आहे, पण ती घरचं बघते."

हिशोब ठेवा, एसआयपी सध्या नको. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण हा तुमच्या पत्रातला सगळ्यात स्वस्त प्रश्न आहे, ३६,००० चा. महागाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून गेलात: हातात पैसा राहत नाही.

तो कुठे जातो ते तुमच्याच आकड्यांवरून पाहू. ७२ लाखांवर १५ टक्के म्हणजे १० लाख ८० हजार, २० टक्के म्हणजे १४ लाख ४० हजार. 'पंधरा ते वीस' असं तुम्ही सहज म्हणालात, त्या दोघांमध्ये साडेतीन लाखांहून जास्त फरक आहे. त्यातून भाडं ३ लाख, पगार १ लाख ७० हजार, वीज-टेम्पो-फोन धरा लाखभर, कंपोझिशनचा १ टक्का ७२ हजार. झाले साधारण ६ लाख ४० हजार. मागे उरतात साडेचार ते आठ लाख.

आता त्यावर हात मारणारे बघा. घर ५ लाख ४० हजार, कर्जाचे हप्ते ३ लाख ६० हजार, पॉलिसी १ लाख. बरोबर १० लाख. म्हणजे दुकान झकास चाललं तरी वर्षाला २ लाख कमी पडतात. पंधराच टक्के सुटत असतील तर साडेपाच. हे कमी पडलेले पैसे कोण घालतंय? बोहरी आळीतला व्यापारी. त्याचं देणं दीड-दोनवरून साडेचार झालं ते याचमुळे. तुम्ही त्याला मालाची उधारी म्हणता, पण ते तुमच्या घरचं वाणसामान आणि विम्याचा हप्ता आहे. आणि ८ लाखांच्या कर्जातला खरोखर माल किती भरला, जुनी देणी किती भागवली? विचारलं तर तुम्ही वर बघाल, कारण ते कुठेच लिहिलेलं नाही.

४४एडीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, वह्यांची सक्ती नाही. (१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदललाय, गोष्ट तीच आहे.) पण ती सवलत आयकर खात्यापुरती आहे. वह्या आम्हाला दाखवू नका, एवढंच खातं म्हणतं. स्वतःलाही दाखवू नका, हा अर्थ तुम्ही लावलात. शिवाय जीएसटीसाठी खरेदी-विक्रीची बिलं जपून ठेवावीच लागतात, कंपोझिशनमध्ये असलात तरी.

तुमच्या टॅक्सवाल्यांचं गणितही धड नाही. ६ टक्के फक्त बँकेतून, यूपीआयने किंवा अकाउंट पेयी चेकने आलेल्या रकमेवर. रोखीवर ८ टक्के. निम्मा धंदा रोख असेल तर २ लाख १६ हजार अधिक २ लाख ८८ हजार, म्हणजे ५ लाख ४ हजार दाखवायला हवेत. त्यांनी ४ लाख ३२ हजार दाखवले. आणि हे टक्के किमान आहेत. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा असतो, त्यासाठी ४४एडी सोडावी लागत नाही. (सोडूही नका. एकदा बाहेर पडलात की पाच वर्षं परत येता येत नाही.) गंमत म्हणजे कमी दाखवून तुम्ही काही वाचवलंही नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य आहे. ८ लाख दाखवले असते तरी शून्यच. उलट ४ लाख ३२ हजारांचं रिटर्न आणि हिशोबाचा एकही कागद नाही, अशा माणसाला बँक उभी करत नाही. मग २० टक्केवाला भेटतो. वही न लिहिण्याचं खरं बिल तिथे फाटलंय: पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज १ लाख ४० हजार.

पॉलिसीबद्दल मात्र मला राग आलाय, आणि तो तुमच्यावर नाही. तुमचं दाखवलेलं उत्पन्न ४ लाख ३२ हजार. त्यावर नव्या प्रणालीत कर शून्य, जुन्या प्रणालीतही शून्य. तीन वर्षांत ३ लाख भरून वाचलेला कर: शून्य रुपये. तुमचं रिटर्न भरणाऱ्या माणसाला हे तुमच्याआधी ठाऊक होतं. अडीच हजारांत रिटर्न भरणं त्याला कसं परवडतं, ते आता तुम्हाला कळलं असेल.

बरं, विमा तरी किती? अशा पॉलिसीत तो हप्त्याच्या दहापटीच्या आसपास असतो. धरा १० लाख. तुमचं उद्या काही बरंवाईट झालं तर कर्जाचे उरलेले सहा लाख आणि व्यापाऱ्याचे साडेचार देऊन बायको-मुलीला काही उरत नाही. प्रकृती ठीक असेल तर तुमच्या वयाला एक कोटीची टर्म पॉलिसी (नुसता मृत्यूचा विमा, बचत नाही) वर्षाला साधारण १५ ते २० हजारांत मिळते. ती आधी घ्या आणि कागद हातात येऊ द्या. मग विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन (एजंटकडे नको) जुन्या पॉलिसीची सरेंडरची (आता मोडली तर मिळणारी) आणि पेड-अपची (पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर मिळणारी) रक्कम लेखी मागा. सरेंडर केलं तर भरलेल्यापेक्षा कमी मिळेल. तरीही ५-६ टक्के देणाऱ्या पॉलिसीत हप्ते घालत राहून २० टक्क्यांचं कर्ज बाळगण्यापेक्षा ती रक्कम कर्जात टाकलेली बरी. आधी मुदतपूर्व फेडीचा दंड किती आहे ते विचारा.

एसआयपीचंही तेच. १५ टक्के ही आशा आहे. १० टक्के धरलेत तर २० लाखांचे साडेबारा होतात. आणि २० टक्क्यांनी आणलेल्या पैशावर १५ ची आशा लावणं हा काय व्यवहार आहे?

आता हिशोब कोणी लिहायचा? घरात बीकॉम माणूस असताना हा प्रश्न तुम्ही मला विचारताय. आधी त्यांना विचारा. त्यांची तयारी असेल तर ३,००० त्यांना द्या, दर महिन्याला, त्यांच्या खात्यात. फुकटातलं काम दोन महिन्यांत बंद पडतं. त्या नको म्हणाल्या तर अकाउंटंट ठेवा, पण नुसती बिलं टॅलीत चढवून देणारा नको. दर महिन्याच्या दहा तारखेला त्याने चार आकडे द्यायचे: महिन्याचा नफा, लोकांकडची उधारी नावानिशी, व्यापाऱ्यांचं देणं, दुकानातला माल. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचाच हवा, पासवर्डही तुमच्याकडेच. नाहीतर उद्या याच्यातही अडकाल.

दुकानाचं चालू खातं वेगळं उघडा आणि गल्ल्यावरचा क्यूआर त्याच खात्याचा लावा. घरासाठी दर एक तारखेला ३५,००० काढा, कर्ज फिटेपर्यंत त्याच्यावर एक रुपया नाही. उधारी 'असेल' म्हणून चालणार नाही, एकेका मिस्त्रीला फोन करून यादी करा. साठा दोन रात्री दुकान बंद झाल्यावर बसून मोजा, धूळ खात पडलेले जुन्या मापाचे नळ वेगळे काढून.

घरखर्चातले १ लाख २० हजार आणि पॉलिसीतले (टर्मचा हप्ता वजा जाता) ८० हजार सुटले की वर्षाला २ लाखांची जागा होते. २० टक्के सुटत असतील तर तोंडमिळवणी जेमतेम होईल. १५ असतील तर तरीही साडेतीन लाखांचं भगदाड राहतं. मग भाव, भाडं की दुकानाचा आकार, यातलं काहीतरी बदलावं लागेल. पंधरा की वीस हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तीन महिने हिशोब लिहा आणि तो आकडा मला कळवा.