उंच केलेल्या पिकअपचा खडखडाट

प्रश्न : माझ्या फोर बाय फोर पिकअपला दोन महिन्यांपूर्वी लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) बसवलं. पुढे शॉकअपच्या डोक्यावर २५ मिमीचे स्पेसर (जाडी वाढवणाऱ्या चकत्या), मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी). आता बारीक खड्ड्यांतून जाताना पुढून टक्-टक् होते, गतिरोधकावरून उतरताना धाडकन आवाज येतो आणि गाडी नुसती हलवली तरी कुरकुरते. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही शॉकअप बदला. बदलू का?
– एक वाचक, भोर

उत्तर : इतक्यात नको. आवाज तीन आहेत, तेव्हा कारणंही बहुधा तीन निघतील. आणि ती शॉकअपच्या आत नसून फिटिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त.

सोप्यापासून सुरुवात करू. कुरकुर बुशची, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीची. आर्मच्या (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं; ते फिरत नाही, पिळतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, की गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. आधी ते कुरकुरतं, मग फाटतं. खात्री करायला एकेका बुशवर पाण्याचा फवारा मारून गाडी हलवा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज क्षणभर थांबेल, तो तुमचा बुश. उपाय फुकटचा आहे : गाडी चारही चाकांवर उभी ठेवून खालच्या आर्मचे आणि शॅकलचे बोल्ट सैल करा, गाडी आठ-दहा वेळा दाबून हलवा, दोन मीटर पुढे-मागे घ्या आणि तशीच उभी असताना सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. खालच्या आर्मच्या बोल्टला कॅम्बरची (चाकाचा उभा कल ठरवणारी) चकती असेल तर सैल करण्याआधी तिच्या जागेची रंगाने खूण करा. नंतर अलाइनमेंट करावंच लागेल. रबराला ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.

टक्-टक् साठी आधी पाना, मग खर्च. स्पेसरमुळे प्रत्येक बाजूला नटांचा एक संच वाढतो : शॉकअप ते स्पेसर आणि स्पेसर ते चासी. दोन्ही तपासा. त्याहून जास्त फसवतो तो शॉकअपच्या दांडीचा मधला नट. शॉकअप खोलून पुन्हा जोडलेला असेल आणि नट एअर गनने लावला असेल, तर नटाबरोबर दांडीही फिरते आणि तो न आवळताच आवळल्यासारखा वाटतो. हे नट घट्ट असतील, तर स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉड दोन्ही बाजूंनी सोडा (एकच सोडली तर बार दुसऱ्या बाजूने ओढतच राहतो) आणि रिकाम्या रस्त्यावर अगदी हळू चालवून बघा. आवाज गेला तर दोषी लिंक. नाही गेला, तर बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळीचा सांधा. एकाने गाडी हलवायची, दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवायचं. कानाआधी बोटाला कळतं.

आता धाडकन. शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो, म्हणून २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी जवळपास ५० मिमी उंची देतो. पण चाक पूर्ण सुटतं तेव्हा आर्मही कंपनीच्या मर्यादेखाली तेवढाच जास्त उतरतो आणि वरचा आर्म कॉइलवर (शॉकअपभोवतीच्या स्प्रिंगवर) आपटतो. चासीखाली जॅक लावा, घोडी (जॅक स्टँड) द्या, मागच्या चाकांना ओट (पाचर) लावा आणि पुढचं चाक लोंबकळू द्या. आर्म आणि कॉइल यांमधली फट बघा. रंग उडून लोखंड चकाकत असेल तर निदान झालं. उपाय म्हणजे पातळ स्पेसर, नाहीतर लिफ्टसाठीच बनवलेला वरचा आर्म. त्याच अवस्थेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हेही पाहा. आवाजापेक्षा ते महत्त्वाचं.

(स्पेसर डोक्यावर न बसवता स्प्रिंगवर चढवला असता, तर गोष्ट वेगळी होती. त्यात शॉकअप आधीच लांबलेला असतो आणि उतरताना स्वतःच्याच टोकाला ठोकर खातो.)

प्रश्न : मागे पाट्यांखाली ब्लॉक घालून गाडी दोन इंच उचलली. पहिल्या गिअरमध्ये सुटताना खालून थरथर जाणवते, वेग धरला की थांबते.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या ऍक्सलला नेणारा दांडा) दोन तुकड्यांचा असेल तर त्याला मध्ये धरणाऱ्या सेंटर बेअरिंगकडे बघा. मागचा ऍक्सल खाली गेला, शाफ्टचा कोन वाढला. सुटताना जोर पडतो तेव्हा ते जाणवतं. बेअरिंगचा ब्रॅकेट वॉशर देऊन थोडा खाली आणावा, साधारण १० मिमीपासून सुरुवात करून. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस ढिला असेल तर मात्र कोन सुधारून भागणार नाही.

ब्लॉकबरोबर यू-बोल्ट (पाटे ऍक्सलला आवळून धरणारे) नवे घातले होते का? एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. नवेही सुरुवातीला थोडे सैलावतात, म्हणून पहिल्या ५०० किमीनंतर पुन्हा आवळायचे. ते सैल राहिले तर सगळा भार पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला, की ऍक्सल पाट्यावरून सरकतो. गिअर टाकताना मागून एकच ‘खट्ट’ येऊ लागली, तर त्या दिवशी गाडीत माल भरू नका.