फ्रिज अजून चालूच आहे

ताई,
मी 73 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. सहा वर्षं घोडबंदर रोडला एका न्यासाच्या ज्येष्ठ निवासात राहते. 22 खोल्या, मागे चिकूची दोन झाडं, सगळे एका कुटुंबासारखे. आता विश्वस्तांनी त्या मोकळ्या जागेत चार मजली इमारत बांधून आणखी 60 खोल्या काढायचं ठरवलंय. गर्दी होईल, जेवणाच्या दोन पाळ्या होतील, कोण कुठली माणसं येतील देव जाणे. मी विरोधाचा अर्ज लिहिलाय, 14 सह्या झाल्यात. आज शनिवार, नौपाड्याच्या माझ्या ब्लॉकच्या खिडक्या उघडायला आले होते (फ्रिज अजून चालूच ठेवलाय), तिथेच निवांत बसून हे लिहितेय. विश्वस्तांना कसं थांबवू?
— एक रहिवासी, ठाणे

बाई, तुमचा अर्ज मी बाजूला ठेवला आणि कंसातलं ते वाक्य तीनदा वाचलं.

रिकाम्या घरात सहा वर्षं फ्रिज चालू. कशासाठी हो? आत काय असतं, पाण्याची बाटली आणि बर्फ? आणि ‘निवांत बसून’ पत्र लिहायला तुम्हाला अजून नौपाडाच लागतो. ज्या जागेला कुटुंब म्हणता तिथल्या खोलीत टेबल-खुर्ची नाही का?

स्पष्ट बोलते, राग मानू नका. मीही सत्तरी ओलांडलेली आहे. तुम्ही त्या निवासात राहायला गेलाच नाहीत, सहा वर्षं माहेरपणाला आल्यासारख्या राहताय. घरात माणसं वाढली की घरची बाई दोन वाट्या तांदूळ जास्त धुते. पंगतीला उशीर होईल म्हणून कुरकुरते ती पाहुणी. तुमचा सगळा अर्ज पाहुणीचा आहे. (घोडबंदर रोडला राहून गर्दीची तक्रार करणाऱ्या माणसाची मला तशीही गंमत वाटते.)

‘कोण कुठली माणसं’ कोण असतील ते मी सांगते. कळव्यात, डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेली. मुलाच्या घरासाठी स्वतःची जागा विकून मोकळी झालेली. त्यांना शनिवारी उघडायला दुसऱ्या खिडक्या नाहीत. तुम्हाला आहेत, म्हणून तर तुम्हाला बिनधास्त ‘नको’ म्हणता येतं.

आणि तुमचं स्वतःचं काय? आज जिना चढता, उद्या कठडा धरूनही चढता येणार नाही. रात्रपाळीची परिचारिका, जनरेटर, स्वयंपाकी, वॉचमन यांचा खर्च 22 खोल्यांत वाटला काय किंवा 82 खोल्यांत, एकूण आकडा त्या मानाने फार हलत नाही. माणशी वाटा मात्र खूप हलतो. छोट्या निवासांना तो झेपत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी नियमच असतो: अंथरुणाला खिळलात की नातेवाइकांनी घेऊन जायचं. तुमच्या निवासाचा नियम काय आहे? प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद काढून वाचा. तुमच्या पत्रावरून तरी तो वाचल्यासारखा वाटत नाही. नौपाड्याची चावी पर्समध्ये असल्यावर कोण वाचतं म्हणा!

विश्वस्तांना विचारण्यासारखं पुष्कळ आहे. इमारतीसाठी कर्ज काढणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेतली का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मधल्या कलम 36-अ नुसार ती लागतेच. आमच्या अनामती बांधकामात घालणार का? नव्या इमारतीत अंथरुणावरच्यांसाठी किती खोल्या? चिकूची झाडं वाचतील का, हेही विचारा, माझी हरकत नाही. पण हे प्रश्न तिथे राहणाऱ्या बाईने विचारायचे असतात.

म्हणून एकच करा. ब्लॉक भाड्याने द्या.

विकू नका. निवासातली खोली तुमच्या मालकीची नसते, अनामत भरली तरी. तेव्हा पाठीशी जागा असलेली बरी. मुलंबाळं असतील आणि कुणी बक्षीसपत्राचा आग्रह धरला, तर तुम्हाला सांभाळायची अट त्यात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. पुढे सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण ते 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 त्या अटीवरच उभं आहे. भाड्याचा करार मात्र नोंदणी करूनच करा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क मागेल. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही. भाड्याचे पैसे येतील ते खर्च करा. निवासाच्या खोलीत चांगलंसं टेबल आणा, दिव्यासकट.

करार नोंदवून होईपर्यंत अर्ज कुणाला देऊ नका. पुढची सही घ्यायलाही जाऊ नका. नौपाड्यात दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत पडले, की मग तो अर्ज पुन्हा वाचा आणि तेव्हाही पटला तर खुशाल द्या. मी अडवणार नाही.

येत्या शनिवारी जाल तेव्हा आधी फ्रिजची वायर काढा. आतलं पुसून दार उघडं ठेवा, नाहीतर वास धरतो. आणि उतरताना वॉचमनला सांगा, जागा द्यायची आहे. सोमवारपर्यंत एजंट दारात येतील.